व्यंकटअण्णांचं मूस

नवीन माणूस भेटला की आपण नाव विचारतो, गाव विचारतो, फार तर पाहुणे कुठले ते विचारतो. व्यंकटअण्णा जनावर दिसलं की विचारतात, "नर का मादी?" मग ते जनावर म्हैस असो, मांजर असो, नाहीतर भिंतीवरची पाल असो. पालीचं मी उगीच म्हणत नाही. एस.टी.तून रिटायर होऊन मी ईट गावी घर बांधलं, तेव्हा शेजारी म्हणून अण्णा चहाला आले. बशीत चहा ओतला, बशी तोंडाशी नेली आणि नजर गेली वर.

"नर का मादी?"

"कोण?" मी दचकलो. खोलीत मी आणि बायको, दोघंच होतो.

"ती वर."

"पाल आहे ती, अण्णा."

"पाल तर मलाबी दिसती की! पन नर का मादी?"

चहा गार झाला. अण्णा स्टुलावर चढले, पालीच्या शेपटीच्या बुडाशी टक लावून बघितलं, "नर हाय," म्हणाले आणि खाली उतरून तो गार चहा निवांत प्याले. तेव्हापासून अण्णा येणार असले की आमची बायको आधी भिंती बघून घेते.

ओळख तशी जुनी. मी भूमच्या गाडीवर कंडक्टर होतो तेव्हाची. एक बाई पिशवीत करडू घेऊन चढली होती. मी म्हटलं, "बाई, शेळीचं तिकीट काढावं लागंल." मागच्या सीटवरून आवाज आला, "शेळी न्हाय, बोकड हाय ते." मी म्हटलं, "काका, तिकिटावर नर-मादी नसतं." तर म्हणाले, "म्हनून काय काय बी म्हनायचं व्हय?" अख्खी गाडी हसली आणि मी चिडून त्यांना पुढं सरका म्हणालो. ते सरकले नाहीत.

अण्णा ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर यायचे, बदलून जायचे, ड्रेसर जिथल्या तिथं. त्यामुळं लोक त्यांनाच डॉक्टर म्हणत, आणि अण्णा प्रत्येकाला "डॉक्टर न्हाय, ड्रेसर" म्हणून दुरुस्त करत. दुरुस्त करणं हा त्यांचा स्वभावच. जनावराला नुसतं 'जनावर' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "नाव हाय त्याला! गाईला झालं तर गोऱ्हा न्हायतर कालवड. म्हशीला झालं तर वगार न्हायतर टोणगा. देवानं येवढी नावं दिलीत ती काय लोणचं घालायला?" पशुगणनेच्या वेळी हे गृहस्थ कागद घेऊन दारोदार फिरायचे. कुणी म्हणालं, "लिहा, तीन म्हशी," की हे गोठ्यात शिरायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "दोन म्हशी, एक वगार. व्यायची हाय आजून. व्यायल्याबिगर म्हस कशी म्हनता?" घरधनी म्हणायचा, "अण्णा, चार महिन्यात व्यायलीच की." अण्णा म्हणायचे, "मग चार महिन्यानं म्हस म्हना."

आमच्या गल्लीतल्या एका लग्नात तर कहर झाला. नवरदेव घोडीवर बसून मारुतीला निघालेला, पुढं बँड, पोरं नाचतायत. अण्णा गर्दीतून वाट काढत पुढं गेले, वाकले, खालून बघितलं आणि घोडीवाल्याचा लगाम धरला. "ही घोडी न्हाय."

"व्हय हो, घोडाय," घोडीवाला हळूच म्हणाला. "चांदणी आजारी हाय, म्हनून ह्याला आनलाय. ह्याला बी चांदणीच म्हनतो आमी. लोकांला काय कळतंय?"

"लोकांला न्हाय कळत. पन त्याला काय वाटत आसंल?" अण्णा त्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले. तोवर बँड थांबलेला, नवरदेव वर घामाघूम, आणि नवरीचा मामा अण्णांना बखोटीला धरून बाजूला नेत होता.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. माणूस चुकायचा नाही. चालत्या गाडीच्या खिडकीतून लांबच्या हरभऱ्यात हरणं दिसली तरी हे बोट न लावता सांगणार, "एक काळवीट, बाकी हरण्या. आन ते कडंचं तांबडं दिसतंय ना, ते नर हाय, आजून काळं व्हायचंय." एका नजरेत निकाल. "बघू, सांगतो," असं अण्णा कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. पुढची गोष्ट कळायला एवढं ध्यानात ठेवावं.

अण्णांना एकच लेक, सुवर्णा. शिकली, इंजिनियर झाली, लग्न होऊन नवऱ्याबरोबर कॅनडात गेली. तिकडं गेल्यावर दोन वर्षांनी इकडं काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, वारल्या. सुवर्णानं रडत फोन केला, विमानाचं बघते म्हणाली. तेव्हा मी अण्णांशेजारीच बसलेलो. अण्णा फोनमध्ये म्हणाले, "आता येऊन काय करतीस?" एवढंच. सुवर्णा आली ती दहाव्याला. चार दिवस राहिली, भांडी घासली, आलेल्यांना चहा दिला आणि गेली. बापलेक त्या चार दिवसांत एकमेकांशी काही बोलल्याचं मी बघितलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं रविवारचा फोन. अण्णा दुपारी चारलाच अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायचे. आठवड्यात त्यांना वाट बघायला दुसरं काही नव्हतं. साडेसहाला फोन वाजायचा, तिकडं तेव्हा सकाळ. हिरवं बटण सरकवायला मी लागायचो. फोन व्हिडिओचा असायचा, पण अण्णा तो कानाला लावायचे. कितीदा सांगितलं, ऐकायचे नाहीत. म्हणजे तीन वर्षं त्या पोरीनं बापाचा फक्त कान बघितला.

"जेवलात का अण्णा?"

"जेवलो. तू?"

"हो. गोळी घेतली?"

"घेतली. थंडी हाय का?"

"आहे. बरं, ठेवते मग."

"ठेव."

मी एक तिकीट फाडून सुटे परत देईपर्यंत जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात बोलणं संपायचं. मग अण्णा फोन रुमालात गुंडाळायचे आणि अंधार पडेपर्यंत तसेच बसून राहायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. अरे माणसा, बोल की काहीतरी!

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. "ठेवते मग," म्हणता म्हणता सुवर्णा एकदम ओरडली, "अण्णा, बघा! मूस आलंय खिडकीपाशी!"

"काय आलंय?"

"मूस! मूस! केवढं मोठं आहे, बघा तरी!"

आणि जन्मात पहिल्यांदा अण्णांनी फोन कानावरून काढून डोळ्यांपुढं धरला. मीही डोकावलो. सगळीकडं पांढरं बर्फ आणि त्यात सांबराच्या जातीचं, पण उंटाएवढं उंच एक धूड उभं. पाय म्हणजे वासे, नाक मोठं आणि लोंबतं, गळ्याखाली केसांची एक झोळी. शिंगं नाहीत. ते आमच्याकडं पाठ करून कसल्या तरी फांद्या ओरबाडत होतं.

"नर का मादी?" अण्णा म्हणाले.

"मला काय माहीत, अण्णा? शिंगं नाहीत. मादी असेल."

"शिंगावर काय आसतंय? आपल्याकडं गाईलाबी शिंगं आसत्यात. भुंडीबी आसती. जरा बाजूला व्हऊन दाव."

पोरगी या खिडकीतून त्या खिडकीत पळाली. पुढून दाखवलं, कडेनं दाखवलं. अण्णा, "आजून जरा जवळ... मान दाव... शेपटीकडनं..." अर्धा तास चाललं हे. शेवटी मूस निघून गेलं. सुवर्णाचा चेहरा फोनमध्ये आला, गाल लाल झालेले. बापाकडं बघून म्हणाली, "अण्णा, किती वाळलात हो!"

"छ्या! ते सोड. ते काय हाय ते म्या सांगतो. बघू जरा."

बघू जरा! मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. पण म्हटलं, परदेशी जनावर, म्हाताऱ्याला नसेल कळलं.

तेव्हापासून अण्णांना मुसानं झपाटलं. पंधरा दिवसांत गडी मोबाइल शिकला. दोन बोटांनी फोटो मोठा करायचा, तिनं पाठवलेला व्हिडिओ मधेच थांबवायचा, सगळं आलं. सोपानच्या हॉटेलात बसून चारचौघांना ज्ञान द्यायला लागले. मुसाच्या नराची शिंगं दरसाल थंडीत गळून पडतात आणि उन्हाळ्यात नवी फुटतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा सोपाननं किटली खाली ठेवली.

"गळत्यात? शिंगं?"

"गळत्यात."

"अण्णा, शिंग काय झाडाचं पान हाय व्हय? माझ्या बैलाचं एक शिंग मोडलं तर आठ वर्सं झाली, फुटलं का?"

"तुझा बैल कॅनडाचा न्हाय."

नावांवरून तर अण्णा भलतेच तापले. त्या लोकांनी मुसाच्या नराला बुल, मादीला काऊ आणि पिल्लाला काफ म्हणावं, हा त्यांना दरोडा वाटला. "आरं, बुल म्हंजे वळू, काऊ म्हंजे गाय, काफ म्हंजे वासरू. येवढा मोठा प्रानी, आन त्याला सवताचं नाव न्हाय! गाईगुरांचीच नावं उचलून लावली. म्या आसतो तिथं तर बारसं केलं आसतं."

"मग करा की," सोपान म्हणाला.

"आदी नर का मादी ते तर ठरू दे."

आणि ते काही ठरत नव्हतं. रविवारचा फोन आता मंगळवारी, गुरुवारीही यायला लागला. मूस आठवड्यातून दोन-तीनदा सुवर्णाच्या दारी यायचं आणि ती रिपोर्ट द्यायची. अण्णा तपास सांगायचे. एकदा म्हणाले, "लेंडी दाव." ती इंजिनियर पोरगी, तिकडं मोठ्या पगारावर, ती गुडघाभर बर्फात उतरली आणि मुसाच्या लेंडीचा फोटो काढून पाठवला. अण्णांनी तो मोठा करून करून बघितला. "गोल बी न्हाय, लांबट बी न्हाय. सांगता येत न्हाय." मग खुराचा ठसा. मग गळ्याखालची झोळी, नराची मोठी असते म्हणे. "मध्यम वाटतीय." मधेमधे दुसरं बोलणं निघायचं. तिथं चूल कशी पेटवतात, नवरा कामावर किती लांब जातो, सुवर्णा लहानपणी शेळीच्या पाटीला, म्हणजे मादी करडाला, कुशीत घेऊन झोपायची ते. एकदा तर मी चक्क अण्णांना हसताना ऐकलं.

मार्च महिन्यात मला काय दुर्बुद्धी सुचली कुणास ठाऊक. म्हटलं, चाळीस वर्षांचा अनुभव आणि अडकलेत बिचारे, आपण मदत करू. चष्मा लावून मोबाइलवर शोधलं. अर्ध्या तासात सापडलं. मुसाच्या मादीला शेपटीखाली पांढरा डाग असतो, नराला नसतो. शिंगं असोत नसोत, एवढी एक खूण पुरते. आणि मला तो पहिला व्हिडिओ आठवला. पाठ करून उभं असलेलं मूस आणि शेपटीखाली हा एवढा पांढरा डाग. माझ्यासारख्या तिकिटं फाडणाऱ्यालाही दिसला होता.

चप्पलही न घालता पळालो. "अण्णा, लागला निकाल! मादी आहे. शेपटीखाली पांढरं असलं की मादी!"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बर्फ चिकटलं आसंल."

"काय?"

"बर्फ. बसलं आसंल कुठंतरी. बुडाला चिकटलं आसंल."

एवढं बोलून ते विळी घेऊन कांदा चिरायला बसले. मी दारात उभा. पालीचा नर-मादी सांगणारा माणूस मला सांगतोय की मुसाच्या बुडाला बर्फ चिकटलं! मी वाद घालायला तोंड उघडलं आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. निकाल लागला की तपास संपला. तपास संपला की "गोळी घेतली? घेतली. ठेवते. ठेव." म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कांदा चिरून झाला तरी ते मान वर करेनात. मीच म्हटलं, "असंल हो. तिकडं बर्फ लई." आणि घरी आलो.

एप्रिलमध्ये तिकडचं बर्फ वितळलं. डाग होता तिथंच होता. अण्णा म्हणाले, "आता शिंगं फुटायची वाट बघू." मे उजाडला. शिंगं फुटली नाहीत. "काई काईला उशिरा फुटत्यात." मी शेजारी बसून माना डोलवायचो. आणि मेच्या मध्यात मूस यायचंच बंद झालं.

एक आठवडा गेला, दोन गेले. "आलं का?" "नाही हो, अण्णा." "बरं." "जेवलात का?" "जेवलो." फोन पुन्हा आखडत चालला. गुरुवारचा बंद झाला, मंगळवारचाही. उन्हानं गाव तापलेलं, अण्णा रविवारी चारपासून ओट्यावर, आणि फोन आला की आमच्या तिघांतल्या कुणालाच काय बोलावं सुचेना. मी तर त्या मुसाला नवस बोलायच्या बेतात होतो.

जूनमध्ये एका सकाळी सहाला अण्णांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. फोन वाजत होता. वार रविवार नव्हता. अण्णांनी फोन माझ्या हातात दिला, म्हणून बटण मीच सरकवलं. तिकडं आदल्या दिवशीची संध्याकाळ, अजून उजेड होता. सुवर्णा कुजबुजत होती.

"अण्णा, बघा."

हिरवं गवत, त्यात आपलं मूस. आणि पोटाखाली तांबूस रंगाचं, नुसते पाय असलेलं एक पिल्लू. ढुशा मारत दूध पीत होतं.

पिल्लू पीत राहिलं.

"म्हणजे मादीच," सुवर्णा म्हणाली.

"हं," अण्णा म्हणाले.

झालं! गाडी शेवटच्या स्टॉपला लागली. आता उतरायचं. ती "ठेवते" म्हणणार, या भीतीनं मीच घसा खाकरला. पण अण्णा बोलले.

"सुवर्णे, मला पयल्याच दिवशी कळलं हुतं."

"काय?"

"मादी हाय ते. शेपटीखाली पांढरं दिसलं की म्या वळखलं. " अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "बर्फबिर्फ काय नव्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर मग काय बोललो आसतो आपुन?"

फोनमधली पोरगी खाली बघायला लागली. मला वाटलं रडतेय. वर बघितलं तेव्हा रडतही होती आणि हसतही होती. "अण्णा, मलाही माहीत होतं. शेजारच्या बाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"आन त्या लेंड्या?"

"तुम्ही म्हणालात दाखव, म्हणून दाखवल्या."

"आगं, बर्फात..." अण्णांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. मग एकदम म्हणाले, "तुजी आई गेली तवा म्या म्हनलं, आता येऊन काय करतीस. ते तुला लागलं."

"लागलं, अण्णा. लई लागलं."

"मला म्हनायचं हुतं, येवढ्या लांबनं येकटी रडत येऊ नगं. वाटंत कोन हुतं तुला? पन तसं म्हनता आलं न्हाय."

मी उठलो. तीन वर्षं त्यांच्या फोनमध्ये तोंड घालून बसलेलो मी, मला पहिल्यांदाच तिथं बसायची लाज वाटली. ओटा उतरून आमच्या दारापाशी आलो. अण्णा फोन घेऊन आत गेले, पण त्यांची आमच्या बाजूची खिडकी उघडी होती, त्यामुळं ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"अण्णा, सकाळी काय खाल्लं?"

"आजून काय न्हाय."

"भाकरी कोण करून देतं?"

"कोन देनार? म्याच."

"मग करा की. फोन तिथं पिठाच्या डब्याला टेकवून ठेवा. मी बघते."

मी दात घासायचा ब्रश हातात घेऊन दारातच उभा राहिलो. परातीचा आवाज आला, मग थापल्याचा. थोड्या वेळानं कॅनडातून आवाज आला, "पाणी जास्त झालं, अण्णा. पीठ घ्या अजून." आणि आयुष्यभर गावाला दुरुस्त करत आलेला तो माणूस म्हणाला, "व्हय, व्हय. घेतो."